उदासीची मोजपट्टी आणि मनाची भाषा

वाचकहो, 'आपले आयुष्य रिकामे आहे असे आपल्याला वाटते का? हो की नाही, एवढेच सांगा,' असे एखाद्या अनोळखी परिचारिकेने आपल्याला विचारले, तर आपण काय उत्तर द्याल? आपल्यापैकी बरेच जण किंचित हसून 'छे, तसे काही नाही' असे म्हणतील आणि चहाचे विचारतील. हे उत्तर खोटे असतेच असे नाही. परंतु ते खरे आहे की नाही, हे त्या एका शब्दावरून ठरवणे फार कठीण असते. वार्धक्यातील नैराश्य ओळखण्यासाठी ज्या प्रश्नावल्या वापरल्या जातात, त्यांची सारी मदार मात्र अशाच उत्तरांवर असते.

मी अनेक वर्षे फ्रेंच भाषा शिकवली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, चाळीसहून अधिक वर्षे कॅनडातील माँट्रियल शहरी राहते. तेथील व्यवहाराची भाषा फ्रेंच. या दोन कारणांनी फ्रेंच बोलणाऱ्या वृद्धांसाठी तयार झालेल्या नैराश्याच्या प्रश्नावल्या मी कुतूहलाने वाचू लागले. आज त्यांविषयी आपल्याशी बोलायचे आहे. कारण तेथे ज्या शंका विचारल्या गेल्या, त्या घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाच्या आहेत.

आधी एक मूलभूत अडचण पाहू. तरुण माणसाला झोप लागेनाशी झाली, जेवणावरची वासना उडाली, सतत थकवा वाटू लागला, तर वैद्याच्या मनात नैराश्याची शंका येते. सत्तरीनंतर हीच लक्षणे संधिवात, मधुमेह, हृदयविकार किंवा चालू असलेली औषधे यांमुळेही असू शकतात. म्हणून तरुणांसाठी बेतलेली मोजपट्टी वृद्धांना लावली, तर कधी शरीराच्या दुखण्याला मनाचे दुखणे समजले जाते आणि कधी खरे नैराश्य 'वयोमानाप्रमाणे व्हायचेच' या वाक्याखाली गाडले जाते. दुसरी चूक अधिक घातक आहे. फ्रान्समध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वाधिक असते ते अतिवृद्ध पुरुषांत, ही गोष्ट ऐकून अनेकांना धक्का बसतो. तरुणांच्या दुःखाकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे वृद्धांच्या दुःखाकडे जात नाही, हेच खरे.

ही अडचण ओळखून अमेरिकेतील जेरोम येसावेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी एक प्रश्नावली रचली. ती १९८३ साली प्रसिद्ध झाली. आरंभी त्यांनी शंभर प्रश्न जमवले होते. प्रत्यक्ष वृद्धांना ते विचारून त्यांतले तीस निवडले. झोप, भूक, वजन यांविषयीचे प्रश्न या अंतिम यादीत नाहीत. उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे द्यायचे, म्हणजे थकलेल्या माणसालाही ते झेपते. तीसपैकी वीस प्रश्नांना 'हो' हे उत्तर नैराश्याकडे बोट दाखवते, तर उरलेल्या दहांना 'नाही' हे उत्तर. पुढे १९८६ साली पंधरा प्रश्नांची लहान आवृत्ती आली. आज जगभर हीच अधिक वापरली जाते.

फ्रेंच बोलणाऱ्या वृद्धांसाठी ही प्रश्नावली कॅनडात बूर्क, ब्लाँशार आणि वेझिना या संशोधकांनी पारखली आणि १९९० साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९७ साली फ्रान्समधील लिमोझ येथील ज्याँ-पिएर क्लेमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ चार प्रश्नांची आवृत्ती मांडली: वारंवार खचल्यासारखे व उदास वाटते का, आयुष्य रिकामे वाटते का, बहुतेक वेळ आनंदात जातो का आणि आपली परिस्थिती निराशाजनक वाटते का. या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नैराश्याकडे झुकणारे आले, तर पुढे सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. दवाखान्यात गर्दी असताना चार प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात, हा तिचा मोठा गुण.

आता आपण म्हणाल, इंग्रजीतले प्रश्न फ्रेंचमध्ये आणायला कितीसे अवघड? कोश उघडला की झाले! भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला येथेच थांबावेसे वाटते. मूळ इंग्रजी प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे की, आत्ता जिवंत असणे आपल्याला अद्भुत वाटते का. त्याच्या एका प्रचलित फ्रेंच रूपाचा अर्थ मात्र 'आजच्या काळात जगणे आपल्याला अद्भुत वाटते का' असा होतो. फरक बारीक आहे, पण तो मुळावर येणारा आहे. पहिला प्रश्न जगण्याच्या ओढीविषयी आहे. दुसऱ्या प्रश्नावर एखादे आनंदी आजोबासुद्धा 'कसले अद्भुत? आमचाच काळ बरा होता' असे म्हणतील. त्यांचे मन उदास नाही, केवळ काळाविषयीचे मत प्रतिकूल आहे. तरीही त्यांच्या खात्यावर एक गुण चढतो.

दुसरे उदाहरण याहून गमतीचे आहे. अमेरिकेतील लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ साली वीस विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या आठवड्यात कसे वाटले, ते तीत शून्य ते तीन अशा पायऱ्यांवर सांगायचे असते. तिच्यात उदासीसाठी इंग्रजी बोलीतला 'ब्लूज' हा शब्द आहे. फ्रेंच रूपात त्या जागी 'काफार' हा शब्द आला. काफार म्हणजे झुरळ! फ्रान्समध्ये मन खिन्न झालेला माणूस आपल्याला 'झुरळ झाले आहे' असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते अचूक कळते. शब्दशः भाषांतर न करता बोलीतला जिवंत शब्द निवडला, हे उत्तमच झाले. परंतु क्वेबेकमधील लोक याच भावनेसाठी 'निळेपणा' अशा अर्थाचा वेगळा शब्दप्रयोगही करतात. म्हणजे फ्रेंच ही एकच भाषा असली, तरी एका देशातल्या आजीबाईंना नेमका भिडणारा शब्द दुसऱ्या देशातल्या आजीबाईंना तितका भिडेलच असे नाही.

व्याकरणाचीही एक खोच आहे. फ्रेंचमध्ये विशेषण लिंगाप्रमाणे बदलते. 'आनंदी' हा शब्द पुरुषासाठी वेगळा ऐकू येतो, स्त्रीसाठी वेगळा. छापील कागदावर कंसात जादा अक्षर घालून दोन्ही रूपे साधता येतात, पण मोठ्याने वाचून दाखवताना समोर कोण बसले आहे हे पाहून शब्द बदलावा लागतो. न बदलता वाचले, तर समोरच्या बाईंना हा कागद आपल्यासाठी नाहीच असे वाटू शकते. आपल्याकडेही 'आपल्याला एकटा वाटते का' असे एखाद्या आजींना विचारून पाहा, म्हणजे कळेल.

यासाठीच अनुवादित प्रश्नावली वापरण्यापूर्वी तिची कसून परीक्षा घेण्याची रीत आहे. क्वेबेकमधील मानसशास्त्रज्ञ रोबेर व्हालराँ यांनी १९८९ साली फ्रेंचसाठी अशा परीक्षेच्या पायऱ्या नीट मांडून दाखवल्या. सोप्या शब्दांत सांगायचे तर रीत अशी: एका अनुवादकाने प्रश्न फ्रेंचमध्ये आणायचे. मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. दोन इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून काय निसटले ते जाणकारांच्या समितीने पाहायचे. मग ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे, अशा काही माणसांना ती वाचायला देऊन 'यातून आपल्याला काय समजले?' असे विचारायचे. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांना दोन्ही रूपे देऊन उत्तरे जुळतात का, तेही पाहायचे.

एवढे झाल्यावर खरी कसोटी सुरू होते. पहिली कसोटी विश्वसनीयतेची. मनःस्थिती पालटली नसेल, तर काही दिवसांनी पुन्हा विचारल्यावर उत्तर जवळपास तेच यावे. दुसरी कसोटी यथार्थतेची. अनुभवी वैद्याने सविस्तर बोलून ज्यांना नैराश्य आहे असे ठरवले, त्यांना ही प्रश्नावली ओळखते का? आणि ज्यांना नाही, त्यांना ती मोकळे सोडते का? तिसरी कसोटी सीमारेषेची. किती गुणांच्या पुढे काळजी करायची? ही रेषा भाषेबरोबर आपोआप प्रवास करत नाही. रॅडलॉफ यांच्या प्रश्नावलीत सोळा ही सीमारेषा रूढ होती. रेबेका फ्यूरर आणि फ्रेदेरिक रुयों यांनी १९८९ साली तिचे फ्रेंच रूप पारखले, तेव्हा पुरुषांसाठी सतरा आणि स्त्रियांसाठी तेवीस अशा निराळ्या रेषा सुचवल्या. पुढे बोर्दो, दिजाँ आणि माँपेलिए या तीन शहरांतील नऊ हजारांहून अधिक वृद्धांच्या अभ्यासात याच फ्रेंच रेषा वापरल्या गेल्या. कल्पना करा, वीस गुण मिळालेल्या एखाद्या फ्रेंच आजी अमेरिकी रेषेने 'धोक्यात' ठरतात आणि फ्रेंच रेषेने नाहीत. आजी त्याच, मन तेच, मोजपट्टी बदलली.

येथे एक छोटा हिशेब करून पाहू. हे आकडे कोणत्याही अभ्यासातले नव्हेत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका वस्तीत शंभर वृद्ध आहेत आणि त्यांतल्या दहांना नैराश्य आहे. आपली प्रश्नावली चांगली आहे. दर दहा आजारी माणसांतील आठ ती ओळखते आणि दर दहा निरोगी माणसांतील आठांना ती मोकळे सोडते. म्हणजे दहांपैकी आठ जण सापडले. पण उरलेल्या नव्वद निरोगी माणसांपैकी अठरा जणांवरही तिने बोट ठेवले. एकूण सव्वीस जणांवर खूण झाली, त्यांतले खरोखर आजारी आठच. आता हीच प्रश्नावली अशा वृद्धाश्रमात वापरा, जेथे शंभरांतील चाळीस जणांना नैराश्य आहे. तेथे चव्वेचाळीस जणांवर खूण होईल आणि त्यांतील बत्तीस खरोखर आजारी असतील. प्रश्न तेच, कागद तोच, पण खुणेचा अर्थ निराळा. म्हणून प्रश्नावलीचा आकडा हे निदान नव्हे. या माणसाशी निवांत बोलायला हवे, एवढेच तो सांगतो. आणि निसटलेल्या दोघांची आठवण ठेवली, तर आकडा कमी आला म्हणून निश्चिंत होणेही बरे नव्हे.

अक्काच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले. भावोजी गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या घरी नियमित येणाऱ्या परिचारिकेने पंधरा प्रश्नांची फ्रेंच प्रश्नावली तिला वाचून दाखवली. 'बाहेर जाण्यापेक्षा घरीच राहणे आवडते का?' याला अक्काने 'हो' म्हटले. जानेवारीत माँट्रियलच्या पदपथावर बर्फाचा काचेसारखा थर असतो आणि अक्काचा गुडघा दुखरा. घरी राहणे हा तेथे शहाणपणा होता. 'आयुष्य रिकामे वाटते का?' याला मात्र ती तत्काळ 'नाही' म्हणाली. मुले आहेत, नातवंडे आहेत, रिकामे कसे म्हणायचे? ते कृतघ्नपणाचे वाटले असते. पंधरापैकी चार गुण झाले. पाच किंवा अधिक आले, तर पुढे चौकशी करावी असा सर्वसाधारण संकेत आहे. ती रेषेच्या अलीकडेच राहिली.

त्याच रविवारी दूरध्वनीवर ती मला म्हणाली, "संध्याकाळ झाली की घर खायला उठतं गं." आपल्या भाषेत वाढलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी तिला विचारले, "अक्का, हे त्या बाईंना सांगितलंस का?" ती म्हणाली, "त्यांनी आयुष्याचं विचारलं. घराचं कुठे विचारलं?"

वाचकहो, मला या उत्तरात साऱ्या विषयाचे सार दिसते. चाळीस वर्षे फ्रेंच बोलूनही तिच्या दुःखाची भाषा मराठीच राहिली होती. आयुष्य रिकामे नव्हते, घर रिकामे होते. मी तिला एवढेच सुचवले की, हे वाक्य तुझ्या फ्रेंचमध्ये जसे जमेल तसे सांग. पुढच्या भेटीत तिने परिचारिकेला सांगितले की, संध्याकाळी घर फार मोठे होते आणि मला त्याची भीती वाटते. त्या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि अर्धा तास तिच्याजवळ बसून ऐकले. मग डॉक्टरांची भेट ठरवून दिली. समुपदेशन आणि औषध यांचा उपचार सुरू झाला. अक्का आता बरी आहे असे मी म्हणते, ते तिच्या गुणांवरून नव्हे. रविवारी ती पुन्हा माझ्या फ्रेंच उच्चारांची थट्टा करू लागली आहे, त्यावरून.

'फ्रेंच भाषक वृद्ध' या शब्दांत किती निरनिराळी माणसे मावतात, याचे एक उदाहरण आपल्याच रक्ताचे आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक कुटुंबे मजुरीसाठी मॉरिशसला गेली. त्यांच्या वंशजांपैकी बहुतेकांच्या घरात आज फ्रेंचमधून उपजलेली क्रिओल बोली चालते, वर्तमानपत्रे बहुधा फ्रेंच असतात, आणि गणपतीची आरती मराठीत होते. अशा आजोबांना क्वेबेकमध्ये पारखलेली प्रश्नावली द्यायची की फ्रान्समधली? कदाचित दोन्ही अपुऱ्या पडतील. कारण फ्रेंच वाचता येणे निराळे आणि फ्रेंचमध्ये रडता येणे निराळे.

ज्यांची स्मृती ढळत चालली आहे, अशांची गोष्ट आणखी वेगळी. स्मृतिभ्रंश वाढला की 'हो' आणि 'नाही' यांवरचा भरवसा कमी होतो. त्यांच्यासाठी अमेरिकेतील जॉर्ज अलेक्सोपुलस आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एकोणीस मुद्द्यांची कॉर्नेल मोजपट्टी तयार केली. तीत रुग्णाकडे पाहायचे असतेच, शिवाय सांभाळणाऱ्याचीही मुलाखत घ्यायची असते. तिचेही फ्रेंच रूप वापरात आहे. येथे सांभाळणाऱ्याचे शब्द मोलाचे ठरतात, आणि म्हणूनच ते जपून वापरावे लागतात. रात्र रात्र जागून थकलेल्या सुनेला सासूबाईंच्या चेहऱ्यावर आपलाच शीण दिसू शकतो. उलट 'आमच्या बाबांना काय कमी आहे?' असे म्हणणाऱ्या मुलाला समोर बसलेले दुःखही दिसत नाही.

मग आपण काय करावे? घरातील वृद्ध माणसाला अशी प्रश्नावली कोणी देणार असेल, तर ती त्यांच्या मनाच्या भाषेत आहे का, हे आधी नम्रपणे विचारावे. उत्तरे त्यांची त्यांना देऊ द्यावीत. आपण शेजारी बसून 'सांग ना आई, आनंदातच असतेस ना तू?' असे सुचवू नये. शक्य असेल तर थोडा वेळ बाहेर जावे, कारण मुलांसमोर 'मी दुःखी आहे' म्हणणे अनेकांना मुलांवरचा आरोप वाटतो. ऐकू कमी येत असेल, तर कानाचे यंत्र आहे याची खात्री करावी. अर्धवट ऐकलेल्या प्रश्नाला माणसे बहुधा मान डोलावतात. 'हो, पण...' किंवा 'नाही, म्हणजे तसे...' असे उत्तर आले, तर त्या 'पण'पुढचे वाक्य लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळदा खरे उत्तर तेथेच असते.

गुण जास्त आले, तर घाबरून जाऊ नये. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा एखादे औषध यांनीही मन खाली ओढले जाते. ते डॉक्टर तपासतील. आणि वार्धक्यातील नैराश्यावर उपचार होतात, ते गुणकारी ठरतात, हे मनाशी पक्के धरावे. गुण कमी आले, तरी माणूस पूर्वीसारखा राहिला नाही असे आपल्याला जाणवत असेल, तर त्या जाणिवेवर विश्वास ठेवून डॉक्टरांकडे जावेच. येसावेज यांच्या प्रश्नावलीत जीव देण्याच्या विचारांबद्दल थेट प्रश्न नाही, हेही ध्यानात असू द्या. तशी शंका आली, तर शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. उत्तर 'हो' असे आले, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच मदत मिळवावी. आपल्या देशात 'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते.

आणि वाचकहो, आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर एक विनंती. कोणी कागद घेऊन समोर बसले आणि त्यावरचा प्रश्न आपल्या मनाच्या मापाचा नसला, तर 'हो-नाही'च्या चौकटीत स्वतःला कोंबू नका. 'तुम्ही विचारता तसे नाही, पण मला असे होते,' असे म्हणा आणि आपल्या शब्दांत सांगा. संकोच वाटू देऊ नका, कारण विचारणाऱ्यालाही तेच ऐकायचे असते.